मांजर, मीटर आणि कवळीकाका

माझ्या मावशीचे यजमान दात करतात. डॉक्टर नव्हेत ते. डॉक्टर दात काढतात आणि रिकाम्या झालेल्या जागी जे बसवायचं असतं ते काका करतात. बाजारपेठेच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांची त्यांची लॅब आहे. फळीवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले, टेबलावर गुलाबी मेण, कोपऱ्यात पॉलिशचं मशीन आणि सगळीकडे पांढरी भुकटी. आत पाऊल टाकलं की सगळे जबडे आपल्याकडे बघून हसत असतात, आणि आपल्या शर्टाचं बटण तर उघडं राहिलं नाही ना, अशी शंका येते. लहानपणी आम्ही भावंडं त्यांना कवळीकाका म्हणायचो. आता सगळं गाव म्हणतं.

काकांना चेहरे लक्षात राहत नाहीत. रस्त्यात कुणी हात केला तर ते कोरडं हसतात. समोरचा बोलायला लागला की त्याच्या तोंडात डोकावतात आणि मग एकदम खुलतात. तुम्ही होय, खालचं उजवीकडे टोचत नाही ना आता, असं चारचौघांत खणखणीत आवाजात विचारतात. त्यामुळे गावातली निम्मी प्रतिष्ठित मंडळी काका समोरून आले की ओठ मिटून हसतात.

काका प्यायचे. हे वाक्य बोलताना आमच्या घरात आवाज खाली घ्यायची पद्धत होती, पण काकांचं पिणं काही खालच्या आवाजातलं नव्हतं. त्यात त्यांना थापांची आवड. साधी थाप मारणं त्यांना कमीपणाचं वाटायचं. मारायची ती पुराव्यानिशी. एकदा ते उशिरा घरी आले ते ढोपरापर्यंत चिखलात. एका म्हाताऱ्याला शिंक आली, नवी कोरी कवळी गटारात गेली, आणि ती काढायला आपल्याला उतरावं लागलं, अशी हकीकत. मावशीने तोंड उघडायच्या आत त्यांनी खिशातून चिखलाने माखलेली कवळी काढून टेबलावर ठेवली. गटार खरं, चिखल खरा, कवळी खरी. खोटा फक्त म्हातारा. दुसऱ्या एका वेळी पायात एकच बूट. दुसरा कुत्र्याने पळवला म्हणे. पुरावा म्हणून ते कुत्रंच घेऊन आले होते. ते कुत्रं पुढे घरीच राहिलं आणि बिचाऱ्याने कधी चपलेलासुद्धा तोंड लावलं नाही.

मावशीला खोटं बोलता येत नाही. तत्त्वबित्त्व काही नाही, तिला ते जमतच नाही. शेजारणीने नवे पडदे दाखवले तर ती 'नाही आवडले' म्हणते आणि पुन्हा चहाचा कप तोंडाला लावते. शेजारीणही बिचारी बसून राहते, कारण मावशीच्या आवाजात कुचकेपणा नसतो. अशा बाईचा अशा माणसाशी संसार म्हणजे एकाने रोज नवी कादंबरी वाचून दाखवायची आणि दुसऱ्याने रोज एकच प्रश्न विचारायचा, की यातलं खरं काय.

मग एका सकाळी मावशी ट्रंक आणि कुत्रं घेऊन आमच्या दारात उभी राहिली. आईला वाटलं मोठं भांडण झालं असणार. भांडण नव्हतंच. मावशी ट्रंकेवर बसली आणि म्हणाली, "काल ह्यांनी थाप मारली आणि मला ती आवडली. मी हसले. आता मला त्या घरात राहायची भीती वाटते."

आईने चहा टाकला.

मावशीची अट एकच होती. काकांना तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई कधीपासून सांगत होत्या की दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा असतात, तिथे जा. तर काकांनी तिथे जायचं, आणि ते खरोखर जातात याची मावशीची खात्री पटायची. नुसती शपथ चालणार नव्हती. शपथ घेताना काकांचा आवाज फार छान लागायचा, म्हणूनच तिचा त्यावरचा विश्वास उडाला होता.

आता ही मीटिंग भरते कुठे, हेच कुणाला माहीत नाही. बोर्ड लावत नाहीत, जाहिरात करत नाहीत, येणारे आपलं नाव सांगत नाहीत आणि दुसऱ्याचं विचारत नाहीत. एवढी गुप्त मंडळी गावात आहे आणि आपल्याला त्याचा पत्ता नाही, याचंच काकांना वाईट वाटलं. शेवटी डॉक्टरीणबाईंनी एक फोन नंबर दिला. काकांनी तो लॅबमधून लावला. मी पॉलिशच्या मशीनजवळ उभा होतो. आवाज जाड करून काका म्हणाले की एका मित्रासाठी चौकशी करतोय. पलीकडचा माणूस अजिबात न दचकता म्हणाला, "आणा ना मित्राला. आमच्याकडे सगळे कुणाच्यातरी मित्रासाठीच फोन करतात." मग त्याने पत्ता सांगितला. काकांनी तो मोठ्याने परत म्हटला, फोन ठेवला, आणि समोरच्या जबड्यांसारखेच आ वासून बसले.

त्याचं कारण असं. काकांचा ठरलेला बार ज्या गल्लीत आहे त्याच गल्लीत, त्याच इमारतीत, बारच्या दाराला लागून एक जिना आहे. त्या जिन्याने वर गेलं की ड्रायव्हिंग स्कूलची खोली. संध्याकाळी वर्ग सुटले की मीटिंग तिथेच भरते. म्हणजे गेली कित्येक वर्षं काका खाली बसून पीत होते आणि डोक्यावरच्या छतातून खुर्च्या सरकवल्याचे, हसण्याचे आणि टाळ्यांचे आवाज ऐकत होते. एकदा तर त्यांनी वेटरकडे तक्रारही केली होती, की वरच्या लोकांना सांग जरा, माणसाला निवांत बसू देत नाहीत.

पहिल्या दिवशी आईने मला सोबत पाठवलं. काका निघाले ते काखेत पुठ्ठ्याचा खोका मारून. त्यात दोन जबडे होते, कागदात गुंडाळलेले. कुणी ओळखीचं भेटलंच तर डिलिव्हरीला आलोय म्हणून सांगता येईल. गल्लीत शिरल्यावर मात्र ते त्या दारावरून सरळ पुढे गेले. टोकाला जाऊन वळले, परत आले, परत पुढे गेले. सायकल दुरुस्तीवाला पंप हातात धरून आमची ही मिरवणूक बघत होता. शेवटी बारचा वेटर दारात आला. काकांना पाहून त्याने सवयीने आतली खुर्ची ओढली. काका त्याच्याकडे न बघता म्हणाले, वर जायचंय.

वेटरने खुर्ची परत आत सरकवली, फडकं खांद्यावर टाकलं आणि जिन्याकडे बोट केलं. म्हणाला, "मीटिंगवाले उजवीकडे. तिसरी पायरी मोडकी आहे, सांभाळून." आणि मग, एखादं नेहमीचं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात चाललंय याचं जराही वाईट वाटून न घेता, "लवकर जा, मागे बसायची जागा भरून जाते."

बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, म्हणून मी जिन्यावरच थांबलो. दार नीट लागत नव्हतं. आतून कुणीतरी विचारलं, या, कोण पाहिजे? आणि काकांनी, वर्षानुवर्षं थापांवर हुकूमत गाजवलेल्या माझ्या काकांनी, घाबरून सांगितलं, "डिलिव्हरी."

कसली? दातांची. कुणाचे दात? आत खोक्यातला कागद चुरचुरला. मग काकांचा आवाज आला, "नाव विसरलो. पण तोंड पाहिलं की ओळखीन."

त्यानंतर जो हशा उठला त्याने माझ्या डोक्यावरच्या छताची धूळ खाली आली. खालून वेटरने वर पाहिलं आणि मला खूण केली, की आला वाटतं नवा माणूस.

त्याला या हशाची सवय होती, कारण त्या मंडळींची एक रीतच आहे. तिथे पहिल्यांदा येणारा कुणीही, मी दारू सोडायला आलोय, असं म्हणत नाही. दारात उभा राहून काहीतरी सबब सांगतो. आणि खरं नाव विचारायचं नसल्यामुळे ती सबबच त्याचं नाव होऊन बसते. मीटर वाचायला आलोय म्हणाला तो मीटर. माझं मांजर वर आलंय का म्हणून विचारणारा, दरवाजातून वाकून यावं लागणारा, झुपकेदार मिशांचा धिप्पाड माणूस, तो मांजर. खोली ड्रायव्हिंग स्कूलची, त्यामुळे लायसन्ससाठी आलोय ही सगळ्यात सोपी सबब, म्हणून तिथे लायसन्स तीन आहेत. थोरला, मधला आणि धाकटा. यातला मधला लायसन्स तर इतका भिडस्त, की एकदा तोंडातून गेलंय तर आता मागे कसं घ्यायचं, म्हणून त्याने दुसऱ्या दिवशी खरोखर फी भरली, सगळा कोर्स केला, परीक्षा पास झाला, आणि मग एका संध्याकाळी येऊन म्हणाला की आता खरं सांगतो. (या सबबी मी इथे त्यांच्याच परवानगीने बदलून लिहिल्या आहेत. खऱ्या याहून भन्नाट होत्या.)

काका त्या दिवसापासून डिलिव्हरी झाले.

खाली उतरले तेव्हा त्यांचा शर्ट घामाने पाठीला चिकटला होता आणि चेहरा मात्र शाळा लवकर सुटलेल्या मुलासारखा. वर दोन माणसं त्यांनी तोंडावरून लगेच ओळखली होती. तोंडावर आलेलं वाक्य गिळलं म्हणाले, कवळी नीट बसली का विचारणार होतो. ती दोन माणसं कोण, हे मात्र त्यांनी मला आजपर्यंत सांगितलेलं नाही. मी बऱ्याच प्रकारे विचारून पाहिलं आहे.

पुढचे दिवस सोपे गेले असं कुणी समजू नये. सुरुवातीला काकांना झोप नव्हती. हात असे कापायचे की मेणात दात रोवताना एकेक दात नाचायचा. एक-दोनदा ते भर दुपारी लॅबला कुलूप लावून जिन्यावर जाऊन बसले, मीटिंगला अजून बराच वेळ असताना. तेव्हा मीटर नावाचा माणूस आपलं काम सोडून त्यांच्या शेजारी येऊन बसला. वेटरने त्यांना पाणी नेऊन दिलं. हे काकांनीच मला सांगितलं, आणि सांगताना हसले नाहीत.

पण बाकी सगळी मजाच होती. मीटिंगवरून काका तरंगत यायचे. मांजर काय म्हणाला, धाकट्या लायसन्सने पार्टीत सरबताचा ग्लास कसा दोन्ही हातांनी धरून ठेवला, थोरला लायसन्स कसा दर वेळी 'थोडक्यात सांगतो' म्हणून सुरू करतो आणि बाकीचे कसे खुर्चीत ऐसपैस होतात. कुणाची खाजगी गोष्ट नाही, नुसत्या गमती. आणि त्या गमती ते सरळ आमच्याकडे येऊन ओसरीच्या पायरीवर बसून मावशीला ऐकवायचे. मावशी दाराच्या आत खुर्चीवर, काका बाहेर पायरीवर, कुत्रं मधोमध उंबऱ्यावर.

आणि इथेच घोटाळा झाला. मावशीचा एका शब्दावर विश्वास बसेना.

तिचीही चूक नव्हती. तुम्हीच सांगा. एका खोलीत गावातले सगळे दारुडे जमतात, बारच्या बरोब्बर वर, तिथे ते फक्त चहा पितात, एकमेकांना मांजर आणि मीटर म्हणतात, भिंतीवर 'हॉर्न वाजवू नका' लिहिलेलं असतं, आणि कुणी नुसतं आज प्यायलो नाही म्हटलं तरी टाळ्या वाजतात. मावशी आईला म्हणाली, पूर्वीच्या थापांमध्ये निदान माणसांना माणसांची नावं असायची.

काका अस्वस्थ झाले. जन्मभर खोटं सांगितलं तेव्हा पुरावा हाताशी होता. आता खरं सांगायची वेळ आली तर दाखवायला काहीच नाही. मी साक्ष दिली की ते त्या दारातून आत जातात. त्यावर मावशीने विचारलं की तू आत गेला होतास का. नव्हतो. मग त्या खोलीला दुसरं दार आहे का? मला माहीत नव्हतं. माझी साक्ष तिथेच संपली.

मग काकांनी ती घोडचूक केली. मावशीला पुरावा हवा आहे ना, मग पुरावाच नेऊन देऊ, असं त्यांच्या जुन्या डोक्याने घेतलं आणि त्यांनी मीटिंगमध्ये जाऊन हजेरीचा दाखला मागितला. असा दाखला देत नाहीत, देता येतच नाही, कारण सही कोण करणार आणि कुठल्या नावाने? सगळ्यांनी समजावलं. पण काकांचं तोंड इतकं उतरलं की मंडळींना राहवेना. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या ओसरीवर मावशीच्या हातात एक कागद आला. अक्षर सुरेख होतं. सदर गृहस्थ मीटिंगला नियमित हजर राहतात व त्यांची वर्तणूक समाधानकारक आहे. खाली तीन सह्या. मांजर. मीटर. थोरला लायसन्स.

मावशीने चष्मा लावून तो कागद शेवटपर्यंत वाचला, घडी घातली आणि काकांना परत दिला. म्हणाली, "मांजराने सही केली? पंजा उठवायचा ना, जास्त खरं वाटलं असतं."

आई आत जाऊन तोंडाला पदर लावून हसली. मावशी हसली नाही, आणि काका ते बघत होते.

त्याच आठवड्यात शिवणक्लासच्या बाई आल्या. ह्या बाई मावशीच्या जुन्या मैत्रीण, आणि निरोप पोचवण्याच्या बाबतीत फार कर्तव्यदक्ष. त्यांनी पाण्याचा पेलाही हातात घेतला नाही, आधी बातमी सांगितली. काल संध्याकाळी काका त्या गल्लीत दिसले. अगदी बारच्या दारात. एका राक्षसासारख्या मिशाळ माणसाच्या खांद्यावर हात टाकून पोट धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, धड उभं राहता येत नव्हतं. आणि बारचा वेटरही त्यांच्यात.

हे सगळं शब्दन् शब्द खरं होतं. थोरल्या लायसन्सने त्या दिवशी खरोखरच थोडक्यात सांगितलं होतं, आणि त्या धक्क्यातून मंडळी अजून सावरली नव्हती. पण हे मावशीला कोण पटवणार?

मावशी रागावली नाही, हेच वाईट लक्षण होतं. तिने दुपारी एक फोन केला. शेजारच्या गावातल्या मुलींच्या वसतिगृहात देखरेखीला बाई हवी होती. राहायला खोली, दोन वेळचं जेवण. तिथल्या मुख्य बाईंनी मागेच विचारलं होतं, मावशीने तेव्हा बघू म्हटलं होतं. आता तिने सोमवारी हजर होते म्हणून कळवलं. आणि आईला सांगितलं की एकदा गेले की गेले, मग मी अधूनमधून ये-जा करणार नाही. तेवढं मला जमणार नाही.

हे काकांना मी लॅबमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी हातातला जबडा खाली ठेवला. मी वाट बघत होतो की आता काहीतरी अफाट योजना निघेल, निदान एखादं जनावर तरी. ते म्हणाले, "तिचं बरोबर आहे. मी तिच्या जागी असतो तर मांजरावर विश्वास ठेवला नसता."

मार्ग थोरल्या लायसन्सने काढला. अधूनमधून एखादी मीटिंग खुली असते, घरच्यांनाही येता येतं, आणि नशिबाने तशी मीटिंग शनिवारी होती. काकांची काही बोलवायची छाती होईना, म्हणून मीच मावशीला सांगितलं. मला वाटलं ती नाही म्हणेल. ती लगेच हो म्हणाली. एकदा आपल्या डोळ्यांनी बघते, म्हणजे सोमवारी जाताना मनात किंतू नको.

शनिवारी मावशी मला सोबत घेऊन गल्लीत शिरली ती नाकासमोर बघत. काका आधीच वर गेले होते. बारच्या दारातल्या वेटरने तिला पाहिलं, खांद्यावरचं फडकं काढून पाठीमागे धरलं, सरळ उभा राहिला आणि अदबीने म्हणाला, "वहिनी, तिसरी पायरी." मावशी क्षणभर थांबली. पायरी तिने पायाने दाबून पाहिली. मोडकी होती. काकांच्या सांगण्यातली पहिली गोष्ट खरी निघाली होती.

वर दारात थोरला लायसन्स उभा होता. मावशी समोर आली तशी आतल्या खुर्च्या कुरकुरल्या, सगळे वळून बघू लागले. या दारातली सबब ऐकणं ही त्यांची आवडती करमणूक, आणि बायका तर त्यात जास्त कल्पक असतात असा त्यांचा अनुभव. थोरल्याने गंभीर चेहऱ्याने विचारलं, या, कोण पाहिजे?

मावशी म्हणाली, "त्या कोपऱ्यातल्या माणसाची मी बायको. हे खरंच इथं येतात का, का इथंही मला बनवतायत, ते बघायला आले."

कुणी हसलंच नाही. त्या दारात आजवर कुणी खरं कारण सांगितलं नव्हतं, त्यामुळे हिला आता काय म्हणायचं ते कुणालाच सुचेना. थोरला लायसन्स बाजूला झाला. मीटरने उठून आपली खुर्ची दिली, ती एकच खुर्ची डुगडुगत नव्हती. मावशी बसली, पर्स मांडीवर घेतली आणि खोलीभर नजर फिरवून विचारलं, "यातलं मांजर कोण?"

मागच्या रांगेतून तो धिप्पाड माणूस उभा राहिला. त्याने दोन्ही हात जोडले. मिशा जरा थरथरल्या. मावशी त्याच्याकडे खालपासून वरपर्यंत बघत राहिली, आणि मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. सही चांगली आहे तुमची, एवढंच ती म्हणाली, आणि तेवढ्यावर सगळ्या खोलीत हशा फुटला. धाकटा लायसन्स तर खुर्चीसकट मागच्या 'पुढे वळण आहे' या पाटीवर आदळला.

मग मीटिंग सुरू झाली. एकेकाने बोलायचं, मध्ये कुणी तोंड घालायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. मधल्या लायसन्सने गाडी शिकण्याची गोष्ट सांगितली. दारू सुटेना म्हणून तो जितका रडला नव्हता तितका गाडी उलटी घेताना रडला होता. एक बाई बोलल्या, त्यांचं सगळ्यांनी फार शांतपणे ऐकलं. मग काकांची पाळी आली.

काका उभे राहिले. इतके ऐकणारे समोर, त्यात बायको, आणि सोमवार तोंडावर आलेला. काका आता काय रंगवून सांगतील याची मला कल्पनाच करवेना. गटार येणार, कुत्रं येणार, गावातली सगळी म्हातारी माणसं शिंकणार.

काका म्हणाले, "नदीपलीकडे एक आजी राहतात. गेल्या वर्षी त्यांची कवळी केली. हात कापत होते, वरखालच्या दातांचा चावा जुळला नाही. त्या दुखतंय म्हणून आल्या, तर मी त्यांना सांगितलं की तुमच्या हिरड्याच वाकड्या आहेत. त्या वर्षभर पातळ खात राहिल्या. परवा जाऊन कवळी परत आणली. चूक माझी होती म्हणून सांगितलं. नवी करतोय." इथे ते थांबले. पुढचं बोलताना त्यांनी मावशीकडे पाहिलं नाही. "सोमवारी माझी बायको जातेय. ती गेली तरी मी इथं येणार. नाही गेली तरी येणार. संपलं माझं."

आणि बसले. मी अजून पुढच्या वाक्याची वाट बघत होतो. वाक्य नव्हतंच.

मावशी ताठ बसली होती. त्या आजी तिला माहीत होत्या. गेल्या वर्षी काकांनी घरी येऊन सांगितलं होतं, की नवी कवळी बसवताच आजींनी आपल्यासमोर अक्रोड फोडून खाल्ला. अक्रोडाची टरफलंसुद्धा आणून दाखवली होती. मावशीने ती बरेच दिवस कपाटात ठेवली होती, कारण नवऱ्याच्या हातून कुणाचं तरी भलं झाल्याचा तो पुरावा होता. हे तिने मला पुष्कळ नंतर सांगितलं. त्या वेळी ती फक्त पर्सची कडी उघडत आणि बंद करत होती.

मीटिंग संपली. जिन्यावर काका दोन पायऱ्या पुढे, मावशी मागे. मोडक्या पायरीपाशी ती थांबली आणि म्हणाली, "अहो, लग्न झाल्यापासून आज पहिल्यांदा तुमचं बोलणं ऐकताना मला कंटाळा आला."

काका वळले. त्यांनी घाबरत विचारलं, "फार?"

"फार," मावशी म्हणाली, आणि त्यांच्या खांद्याचा आधार घेऊन ती पायरी उतरली.

एवढ्यावर निकाल लागला असं मला वाटलं होतं, पण मावशी काही बोलली नाही. रविवारी सकाळी काका आमच्याकडे आले ते सामान बांधून द्यायला. सुतळीचं मोठं बंडल घेऊन आले होते. मी ट्रंक धरली आणि ते गाठी मारत बसले. गंमत करत नव्हते, कण्हत नव्हते, वसतिगृहाच्या खोलीला खिडकी आहे का एवढं मात्र त्यांनी आईला विचारलं. आडवी बांधून झाली, उभी बांधून झाली, तरी त्यांचं समाधान होईना. रस्त्यात उघडायला नको म्हणून ते आणखी एकदा गुंडाळायला लागले.

मावशी बाहेरच्या खोलीत आली, आमच्या डोक्यावरून हात घालून फोन घेतला आणि वसतिगृहाच्या मुख्य बाईंना लावला. बाई, मी उद्या येत नाही, असं तिने पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं. काकांच्या हातातली सुतळी थांबली. पलीकडून कारण विचारलं असणार. दुसरी कुणी असती तर तब्येत म्हणाली असती, नाहीतर पाहुणे. मावशी म्हणाली, "माझे यजमान दारू सोडतायत. पिताना इतकी वर्षं मीच समोर होते. सोडतानाही बघावं म्हणते."

पलीकडे काहीच आवाज येईना. फोन कट झाला की काय म्हणून मावशीने तो कानापासून दूर धरून पाहिला. मग पुन्हा कानाला लावला आणि ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू बदलला. ती हो म्हणाली. परत हो म्हणाली. मग खुर्ची ओढून बसली, आमच्याकडे पाहिलं, आणि हाताने दाराकडे खूण केली. दोघांनी बाहेर जा.

आम्ही ट्रंक तशीच टाकून ओसरीवर आलो. मागून दार लागलं. आतून मावशीचा हळू आवाज येत होता, शब्द मात्र तुटक. शनिवारीच नाही, त्याआधीही असते. घाबरू नका. जिना बारच्या शेजारीच आहे, वेटरला विचारलं तरी सांगतो. काका पायरीवर बसून समोरच्या भिंतीकडे बघत होते आणि आपल्याला काहीही ऐकू येत नाही असा चेहरा करायचा प्रयत्न करत होते. मी दाराकडे कान नेला तर त्यांनी माझी कॉलर धरून मला परत खाली बसवलं.

बऱ्याच वेळाने दार उघडलं. आईने स्वयंपाकघरातून विचारलं, काय गं, एवढा वेळ कुणाचं काय? मावशी म्हणाली, "ते विचारायचं नसतं," आणि ट्रंकेकडे बघून काकांना म्हणाली की आता सोडा ती.

काका खाली बसले. पण गाठी त्यांनी इतक्या मनापासून मारल्या होत्या की एकही सुटेना. नखांनी झालं, दातांनी झालं, मी चमचा आणून दिला तोही वाकला. काका घामाघूम होऊन एकच गाठ दोन्ही बाजूंनी ओढत होते. शेवटी मावशी आत गेली आणि कात्री घेऊन आली.